‘ओ’च्या पुढचा कचरा

रोहिणी भिलारेच्या डाव्या हाताला एक खोड होती. कॉम्प्युटरवर काहीही उघडलं की डोळ्यांनी वाचायच्या आधी तो हात सेव्ह मारून मोकळा. दोन बोटं, खट्ट. आणि खोड तिची एकटीची नव्हे, त्या अख्ख्या खोऱ्याचीच. धरण तिथलं, वीज तिथली, पण जन्मली की थेट शहराकडं पळायची. खोऱ्यात यायची ती पाहुणी म्हणून, आणि कधी उठून जाईल त्याचा नेम नाही. तासभर बडवलेलं टायपिंग डोळ्यांदेखत गडप व्हायचं. म्हणून क्लासातल्या सरांनी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं, “आधी सेव्ह, मग श्वास.” पुढं घराघरांवर सौर पत्रे आले, बॅटऱ्या आल्या, वीज जायची बंद झाली. क्लासही बंद झाला. हाताला मात्र हे कुणी कळवलं नाही.

त्या सोमवारी त्याच हातानं घात केला.

रोहिणी कुसाड्याच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेटर. दर सोमवारी जिल्ह्याच्या रक्तकेंद्राकडून एक फाईल यायची. त्यात धरणाच्या दोन्ही काठांवरच्या माणसांची नावं, नंबर आणि ज्याचा त्याचा रक्तगट. तिनं ती उघडायची, आठवड्यात नव्यानं नोंदलेली माणसं खाली जोडायची, आणि पाण्याच्या अल्याड-पल्याड जेवढ्या रक्तपेट्या होत्या तेवढ्यांना, आणि परत जिल्ह्यालाही, एका दणक्यात धाडून द्यायची.

आता रक्तपेटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. कपाटाएवढं यंत्र, आत थंडाव्यात रक्ताच्या पिशव्या. पूर्वी रक्त द्यायचं तर रोग्याचं रक्त आणि पिशवीतलं रक्त एकत्र करून बघायला लागायचं, गुठळी धरते का. धरली, तर ते रक्त त्या माणसाला विष. ह्याला वेळ लागायचा आणि जाणतं माणूस लागायचं. जाणतं माणूस ह्या खोऱ्यात बदलीवर यायचं ते परतीची बदली खिशात घालूनच. पेटीनं तो घोर मिटवला. रोग्याचा नंबर दाबा. पेटी फाईलीत गट बघणार, हिरवा दिवा लावणार, पिशवी कोमट करून बाहेर सोडणार. काच नको, थेंब नको. किती बाळंतिणी आणि किती मोटारसायकलवाले तिनं परत आणले होते. दसऱ्याला लोक पेटीपुढं नारळ फोडायचे.

आणि फाईलीतला गट वाचता आला नाही तर? तर लाल दिवा. मग पिशवी आतच कुलपात. बाहेर यायची फक्त बोटाएवढी नळी, नमुन्याच्या रक्ताची. डॉक्टरनं हातानं जुळवायचं, सही करायची, तेव्हा कुलूप निघायचं. पण लाल दिवा कुणी बघितलाच नव्हता. रोहिणीची फाईल कायम स्वच्छ.

त्या सोमवारी तिनं फाईलीवर दोनदा टिचकी मारली आणि पडदाभर कचरा सांडला. नावांच्या जागी टोप्या घातलेले ए, पोटातून रेघा मारलेले वाय, तुटक्या काड्या, ठिपके. एक गणपत ओळखू येईना की एक हौसाबाई. पडद्यावर काहीतरी सूचना आली, अशी ठेवलीत तर काही गोष्टी जातील वगैरे. पण तोवर खट्ट झालं होतं, आणि सूचनेलाही तिनं सवयीनं ‘हो’ म्हणून टाकलं.

ह्यातली गोम अशी. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, आकडे कळतात. कुठल्या अक्षराचे कुठले आकडे, त्याचं कोष्टक असतं. लिहिणाऱ्यानं एक कोष्टक धरलं आणि वाचणाऱ्यानं दुसरं, की झाला कचरा. इंग्रजी ए-बी-सी-डी बहुतेक कोष्टकांत सारखीच, म्हणून ती शाबूत राहते. मार खातं ते मराठी. नुसतं बघून फाईल बंद केली तर काही बिघडत नाही. योग्य कोष्टक निवडून उघडा, माणसं आपापल्या जागी हजर. पण त्या कचऱ्यावर सेव्ह मारलं, तर ज्यांना दुसऱ्या कोष्टकात जागाच नाही असे आकडे गळून पडतात आणि तिथं प्रश्नचिन्ह बसतं. गळालं ते गळालं.

पण अलीकडंच ह्यावर औषध निघालं होतं. सांधणी म्हणायचे त्याला. करोडो नावं, गावं, दाखले वाचून शहाणं झालेलं यंत्र. आधी ग, मधे खड्डा, शेवटी त, पुढं मोरे, गाव कुसाडे; मग हा बहुतेक गणपत. असा अंदाज करत ते एकेक खड्डा बुजवायचं. तडा गेलेल्या माठाला मातीचा तुकडा घडवून बसवावा आणि सांधा दिसूही नये, अशी त्याची कारागिरी. सांधा दिसत नाही ह्याचंच कौतुक होतं सगळ्यांना.

रोहिणी खाली सरकत सरकत एक नजर टाकत होती. गटाचा रकाना इंग्रजीत, तो धडधाकट दिसला. ए, बी, ओ, पुढं अधिक नाहीतर उणे. फक्त एके ठिकाणी ‘ओ’च्या पुढं कचऱ्याचं लांबलचक शेपूट लोंबत होतं. कुणाच्या ओळीत, ते तिनं बघितलं नाही. तिला आपली घाई, जिल्ह्याला कळायच्या आत हे निस्तरायची. तिनं सांधणीचं बटण दाबलं. चूळ भरायला लागतो तेवढा वेळ. सगळं चकाचक. गणपत आला, हौसाबाई आली, शेपूटही गेलं.

तिनं फाईल धाडली आणि चहा घेतला.

दुपारी लाँचचा भोंगा वाजला. वेळ नसताना. पाण्यावरची लाँच चालवायचा रोहिणीचा नवरा, संपत. तो धक्क्यावरूनच ओरडला, “रोहिणे, स्ट्रेचर आण! शीतलला अंगावरनं जायला लागलंय!”

शीतल म्हणजे संपतची धाकटी बहीण, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. घोंगडीत गुंडाळून आणली होती. तोंड पांढरं पडलेलं, ओठ हलत होते पण आवाज नव्हता. मागनं तिची आई, म्हणजे रोहिणीच्या सासूबाई. रोहिणी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्यांच्या लुगड्याला गुडघ्यापर्यंत रक्त.

दवाखान्याच्या डॉक्टर मुजावर मॅडम वयानं लहान, पण गडबडणाऱ्यातल्या नव्हत्या. पोटावर यंत्र फिरवून त्या म्हणाल्या, “बाळाची वार खाली सरकलीय. बाळ आत्ताच काढायला लागेल, आणि रक्त लागेल. रोहिणीताई, नंबर टाका.”

रोहिणीनं नंबर टाकला. हिरवा दिवा. ओ पॉझिटिव्ह. पेटी गुणगुणायला लागली, पिशवी कोमट होत होती.

आणि त्या हिरव्या उजेडात रोहिणीला ते शेपूट आठवलं.

इंग्रजी बिघडत नाही. मग ‘ओ’च्या पुढं कचरा होता, म्हणजे तिथं मराठीत काहीतरी लिहिलेलं होतं. काहीतरी असं, की नुसतं ‘ओ’ लिहून भागलं नसतं. आणि सांधणीनं ते घाण समजून पुसलं होतं. गटाच्या रकान्यात शब्द असतो होय, असं त्या यंत्राच्या शहाणपणाला वाटलं असणार.

“मॅडम,” ती म्हणाली, “सकाळी मी एक घाण करून ठेवलीय.”

मॅडम हात धुता धुता ऐकत होत्या. ‘ओ’च्या पुढं मराठी शब्द, हे ऐकल्यावर त्यांचे हात नळाखाली थांबले.

“बॉम्बे,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“एक रक्तगट आहे, पहिल्यांदा मुंबईत सापडला म्हणून ते नाव. वरवर तपासलं तर ‘ओ’ वाटतो. पण ‘ओ’ रक्तात जे एक मूळ द्रव्य असतं, तेही ह्यांच्यात नसतं. त्यामुळं साधं ‘ओ’ चढवलं तरी अंग उलटतं. थोडंसं गेलं तरी माणूस हाताला लागत नाही. दहा हजारांत एखादा निघतो. पण आपल्या भागात निघतो.”

“मग त्या ओळीत बॉम्बेच लिहिलं असंल?”

“असेल. नाहीतर कुणीतरी ‘पुन्हा तपासा’ लिहिलं असेल. कुणाची ओळ होती?”

“बघितलं नाही.”

मॅडमनी नळ बंद केला आणि त्या शीतलकडं वळल्या. ते तिला शिवीपेक्षा लागलं.

रोहिणीनं जिल्ह्याला फोन लावला. तिकडचा बाबू जेवणानंतरच्या आवाजात म्हणाला, “जुनी फाईल? मिळंल की, कुठं जातीय. पण तुमची नवी आली की जुनी आपोआप दप्तरात जाते, बाई. काढायला साहेबांची सही लागती. साहेब उद्या.”

“उद्या कशाला? इथं माणूस मरंल!”

“कुठला माणूस?”

आता काय सांगणार? ठेवला तिनं फोन.

संपत दारात उभा होता. तो म्हणाला, “पल्याड पांगरीलाबी हाच तमाशा हाय. घाटात जीप पलटलीय. मी लाँच वळवताना बघितलं, एकामागनं एक उचलून दवाखान्यात नेत हुते.”

रोहिणीनं पांगरीला फोन लावला. तिकडं आरडाओरडा. सिस्टर किंचाळत होती, “ओ भिलारे बाई, काय ती फाईल-बिईल मागनं सांगा! हिरवा दिवा हाय, पेटी पिशव्या देतीया, आमी लावतोय!” कट. पुन्हा लावला, उचलला नाही. दुसऱ्या काठावरचं आणखी एक केंद्र लावलं, रेंज नाही. तिसऱ्यानं सांगितलं, “हिरवा असताना मी थांबू का? उद्या कमी-जास्त झालं तर तुम्ही येणार का उत्तर द्यायला?”

त्याचंही चुकत नव्हतं. हिरव्या दिव्यापुढं कुणाचं काय चालणार?

एकच गोष्ट तिच्या हातात होती. फाईल. तिनं वाचता न येणारी फाईल धाडली, तर पाण्याच्या काठची झाडून सगळी पेट्यांची रांग लाल होणार. मग ज्याला त्याला हातानं जुळवून बघायलाच लागेल. पण सगळ्या म्हणजे सगळ्या. ही समोरची, शीतलची पिशवी कोमट करणारीसुद्धा.

“मॅडम, लाल करू का?”

मॅडमनी शीतलच्या मनगटावरचं बोट काढलं नाही. “मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही. हातानं जुळवायला मला पाव तास तरी लागेल. कॉलेजनंतर मी ते केलेलं नाही. हिच्याकडं पाव तास आहे का, मला माहीत नाही.”

“आणि ती ओळ हिचीच असली तर?”

“तर हिरव्यानं ती मरेल.”

आत्याबाई एवढा वेळ भिंतीला टेकून होत्या. त्यांना कोष्टक कळलं नव्हतं, बॉम्बे कळलं नव्हतं. पण सून काय करायला निघालीय, ते बरोब्बर कळलं. त्या पुढं आल्या आणि त्यांनी रोहिणीचं मनगट धरलं.

“कुणासाठी थांबवतीयास गं?”

“माहीत नाही, आत्याबाई.”

“दहा हजारांत येक म्हनली डॉक्टरीन. माझी येकच हाय.”

“तिचीच ओळ असली म्हंजे?”

“आन नसली म्हंजे?” म्हातारीचा आवाज चिरकला. “आगं, आधी माझ्या पोरीची पिशवी तेवढी निघू दी. दोन मिंटं. मग कर काय ती तुझी लाल-पिवळी. दोन मिंटानं कुनाचं काय जातंय?”

हे बोलणं रोहिणीच्या काळजात घुसलं, कारण तेच तिच्याही मनात चाललं होतं. पिशवी निघू दे. मॅडम हिच्यापुरतं काचेवर बघतील. मग पाठव. कुणाला कळणार आहे? पिशवी निघायला किती उरलं, तो पेटीवरचा आकडा सरकत होता. तिनं डोळ्यांपुढं पांगरी आणली. खाटा, सलाईनच्या सळया, पिशवी टांगणारी सिस्टर. त्या दोन मिनिटांत तिथं सुई आत जाणार होती.

“दादा, सांग की हिला,” आत्याबाईंनी लेकाकडं बघितलं.

संपतनं बायकोकडं बघितलं. मग म्हणाला, “रोहिणे, माझी भन हाय ती.” बस्स, एवढंच. ‘करू नको’ म्हणाला नाही. म्हणाला असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिनं हात सोडवून घेतला. हिसडा बसला, म्हातारीच्या काकणाचा तुकडा खाली पडला.

ती खुर्चीत बसली. गटाच्या रकान्यात पहिल्या चौकटीत तिनं प्रश्नचिन्ह टाकलं. चौकटीचा कोपरा माऊसनं धरला आणि खाली ओढत नेला. ए बुजले, बी बुजले, ओ बुजले. गावंच्या गावं प्रश्नचिन्हाखाली गेली. त्यात संपत होता, आत्याबाई होत्या, ती स्वतः होती. तळ आला तशी तिनं फाईल धाडली.

पेटीची गुणगुण बंद पडली. दिवा लाल झाला.

पेटीच्या पोटातून ती बोटाएवढी नळी टक्कन खाली पडली. मॅडमनी ती उचलली. शीतलच्या दंडातून रक्त काढलं. ते नळीत घालून गरगर फिरवायचं यंत्र कपाटात मागं सारलेलं होतं, संपतनं ते ओढून बाहेर काढलं. त्याच्यावर धूळ. फिरायला लागलं तेव्हा बैलगाडीसारखं कुरकुरलं.

फोन वाजायला लागले. पांगरी, अल्याड, पल्याड. “भिलारे, तुमची फाईल लाल!” “बाई, डोकं फिरलं का?” “इथं पेशंट टेबलावर हाय!” रोहिणी प्रत्येकाला एकच सांगत होती, “हातानं जुळवा. ‘ओ’ असला तर आधी जुळवा. हातानं जुळवा.” एकानं तिला आईवरनं शिवी घातली. तिनं त्यालाही तेच सांगितलं.

आत्याबाई शीतलच्या पायाशी बसून तळवे चोळत होत्या. “शितले, डोळं उघड. शितले, हिकडं बघ.” शीतलनं एकदा बघितलं. मग नाही. इथल्या दवाखान्यातल्या सिस्टरनं रक्तदाबाचा आकडा सांगितला, तो मघापेक्षा खाली होता. पुन्हा सांगितला, आणखी खाली.

मॅडम खिडकीपाशी जाऊन नळी उजेडात धरून बघत होत्या. तिरकी करायच्या, सरळ करायच्या. रोहिणीला वाटलं, ओरडावं. बघा ना लवकर. तिला अजून कळेना आपण काय मागतोय ते. गुठळी धरली तर शीतल बॉम्बे, म्हणजे आपण तिला वाचवलं, पण इथं तिच्याजोगं रक्त नाही. गुठळी नाही धरली तर रक्त आहे, पण मग एवढा वेळ तिला उगाच ताटकळत ठेवलं.

“गुठळी नाही,” मॅडम म्हणाल्या. “साधं ओ. जुळतंय.” सही केली, कुलूप उघडलं. पिशवी परत गार झाली होती, तशीच काखेत धरून त्या आत पळाल्या. दार लागलं.

बाहेर तिघं राहिली. आत्याबाईंनी सुनेकडं बघितलं नाही. खाली वाकून त्यांनी काकणाचा तुकडा उचलला आणि कनवटीला लावला.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. आतून आधी सिस्टरच्या थोपटण्याचा आवाज आला, थप, थप, थप. मग काहीच नाही. संपत भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. मग मांजराच्या पिलासारखा एक आवाज आला, बारीक आणि रागीट. पुन्हा आला. मॅडम दार ढकलून बाहेर आल्या, घामानं भिजलेल्या. “मुलगी आहे. दोघी आहेत. शीतलचं अजून मी काही बोलणार नाही, रात्र जाऊ दे. पण दाब वर यायला लागलाय.”

आत्याबाई आत गेल्या. संपत त्यांच्या मागनं गेला. जाताना त्याचा हात रोहिणीच्या खांद्याला लागला. मुद्दाम की चुकून, तिला कळलं नाही.

ऊन कलंडलं तेव्हा पांगरीचा फोन आला. सिस्टरचा आवाज मघाचा नव्हताच.

“भिलारे बाई... गुठळी धरली.”

रोहिणी उठून उभी राहिली. “कुणाची?”

“जीपच्या टपावर बसलेला बाप्या हाय. बेसुद्ध हाय, संगं कोन न्हाई. आंगठा लावून नंबर काढला. पेटीनं पिशवी दिलीवती, टांगलीवती बी. सुई माझ्या हातात, आन दिवा लाल झाला. मी म्हनलं, हिच्या नानाची टांग. पर नियम हाय म्हनून थांबले. येकदा केलं, गुठळी. दुसरी पिशवी घेतली, गुठळी. डॉक्टर म्हनलं, त्यो बॉम्बेच.” ती श्वास घ्यायला थांबली. “मी तुमाला लई वंगाळ बोलले ओ.”

“आत्ता कसा हाय तो?”

“नुसत्या सलाईनवर. त्याच्याजोगं रक्त मुंबईत येका जागी हाय, ड्रोन निघालंय घिऊन. पोचंल तवर राहतोय का बघायचं. कळवते तुमाला.”

फोन ठेवून ती वळली, तर दारात आत्याबाई. सगळं ऐकलेलं.

“कोन हाय त्यो?”

“माहीत नाही.”

“आपल्यातला?”

“माहीत नाही, आत्याबाई. पल्याडचा कुणीतरी.”

म्हातारीनं कनवटीचा काकणाचा तुकडा चाचपला. “माझी शितल गेली आसती, तर तुझं तोंड बघितलं नसतं मी. मरूस्तवर.”

“ठाऊक हुतं मला.”

“ठाऊक हुतं, तरी केलंस.”

रोहिणीनं मान हलवली.

“आज माझ्यासंगं बोलू नगंस,” आत्याबाई म्हणाल्या. “उद्याबी नगं. मला जवा वाटंल तवा मी बोलीन.” त्या आत जायला वळल्या, दाराशी थांबल्या आणि मागं न बघता म्हणाल्या, “सकाळी दादाकडं तुझ्यासाठी दोन भाकरी दिल्यावत्या फडक्यात. लाँचमधी हायत. खा. सकाळधरनं चहावर हायस.”

संपतनं फडकं आणून तिच्यापुढं ठेवलं. फाईल अजून उघडीच होती, वरपासून खालपर्यंत नुसती प्रश्नचिन्हं. तिनं ती तशीच राहू दिली. फोन उजव्या बाजूला घेतला, रिंग मोठी केली. पांगरीचा फोन यायचा होता. तोवर तिनं भाकरी मोडली.